सरळ केसांचे दिवस

माझी नणंद माझे केस वाचायला शिकली आणि तिथून माझा संसार मोडायला सुरुवात झाली. लोक म्हणतात, असं बोलू नकोस, संसार नशिबाने मोडतो. पण नशीब काही माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत नव्हतं. नणंद राहत होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. बहरीनमध्ये, हूऱ्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला नवऱ्याची मोठी बहीण. ती माणसं रत्नागिरीची, मी मुरूडच्या बाजूची. आईच्या घराण्यातून माझ्या डोक्यावर जे केस आले ते कुरळे म्हणावेत असे नव्हते. कुरळे केस लाटेसारखे असतात. माझे डोक्यालगत घट्ट बसलेले, एकेक केस स्वतःभोवतीच गुंडाळलेला, ओढून बघितला तर खांद्यापर्यंत यायचा आणि सोडला की परत कानाच्या वर. कुठल्या तरी पणजीची आई सिद्दी होती म्हणतात. आमच्या घरात कोणी ते कबूल करत नाही. डोकं कबूल करतं.

मुलगी बघायला आले तेव्हा माझ्या डोक्यावरून ओढणी होती, सगळ्यांच्या असते तशी. लग्नानंतर नणंद चारचौघींत म्हणायची, "ओढणीखाली काय दिलंय ते घरी आणल्यावर कळलं." मी ऐकून घेणारी नव्हते. मी म्हटलं, "आपा, तुमच्या भावाचं टक्कल टोपीखाली दिलंत, त्याचं काय? निदान माझ्या डोक्यावर माल तरी आहे." बायका हसल्या. आपा हसल्या नाहीत. त्या दिवसापासून आमचा हिशेब सुरू झाला म्हणायचा.

मी घरात बसून राहणारी बाई नव्हते. सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात जाऊन कापडाच्या ठाणांचे उरलेले तुकडे घासाघीस करून आणायचे, घरी शिवायचे आणि आपल्या माणसांच्या घरोघरी जाऊन विकायचे. दुकानदार मला बघून शटर ओढायचं नाटक करायचे. मला कोणी काही हातात आणून दिलेलं नाही. जे घेतलं ते भांडून घेतलं. म्हणून एक गोष्ट भांडून मिळाली नाही तेव्हा काय करायचं ते मला कळेना. मला मूल नव्हतं.

तळमजल्यावर एक बहरीनी बाई राहायची. वयस्कर, हज करून आलेली, सगळे तिला हज्जिया म्हणायचे. तिचा रंग काळा आणि केस अगदी माझ्यासारखे. तिचे पूर्वज कुठल्या किनाऱ्यावरून आणले गेले ते तीही सांगायची नाही. मोहल्ल्यातल्या नवऱ्या मुलींचे केस ती लोखंडी फणीने सरळ करून द्यायची. एकदा जिन्यात तिने माझी सरकलेली ओढणी बघितली आणि हात धरून मला आत ओढलं. माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाली, "हे तर आमचं डोकं. तू हिंदुस्तानातली कशी?"

मी म्हटलं, "शिकव मला."

"दोन जलाबिया शिवून दे." म्हणजे तिच्याकडचे पायघोळ झगे.

"एक."

"दोन, बाह्यांवर जर लावून."

"एकच, पण जर गळ्यालाही लावीन."

ती म्हणाली, "तू बाजारातल्या इराण्यापेक्षा वाईट आहेस." एक जलाबिया आणि तिच्या नातीला एक फ्रॉक, यावर सौदा झाला. एक जुनी फणीही तिने दिली. लोखंडाची, जाड दातांची, लाकडी मुठीची.

काम सोपं नाही. आधी केस धुवायचे, मग पूर्ण वाळवायचे. पूर्ण म्हणजे पूर्ण. मुळाशी ओल राहिली तर तिथेच वाफ होते आणि डोकं भाजतं. मग भांग पाडून छोट्या छोट्या बटा करायच्या, बोटाच्या टोकाने नावापुरतं तेल लावायचं. फणी गॅसवर धरायची, काढून आधी कागदी रुमालावर टेकवायची. कागद करपला तर थांबायचं, नुसता गरम झाला तर चालेल. मग मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढायची. मधे थांबलात तर केस तिथे तुटला. चर्र असा आवाज होतो, तेलाचा धूर निघतो आणि एक वास येतो. तो वास मी कुठेही ओळखीन. थोडासा जळक्या पिसांसारखा, थोडासा इस्त्रीखालच्या लोकरीसारखा. हज्जिया पहिल्या दिवशी सारखी ओरडत होती, "कान पकडो, कान!" तिची हिंदी बाजारातली होती. तरी माझ्या उजव्या कानाच्या पाळीला डाग पडलाच, तो अजून आहे.

झाल्यावर तिने आरसा दिला आणि बोट नाचवत नियम सांगितले. "पानी मफी. पसीना मफी. रोना भी मफी. पानी लगा, खलास, सब वापस." मफी म्हणजे अजिबात नाही.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला. एक बूट काढला आणि दुसरा पायात ठेवून तसाच उभा राहिला. "मी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो की काय," म्हणाला. मग जवळ आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात केसांतून खाली पाठीपर्यंत नेला. त्याआधी त्याचा हात माझ्या केसांत कधी पुढे गेला नव्हता. अडकायचा, मग तो काढून घ्यायचा. मला वाटलं, एवढ्यासाठी मी चार जलाबिया शिवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला गुसल करणं भाग होतं. नवरा-बायको जवळ आले की नमाजेआधी डोक्यावरून न्हावं लागतं, पाणी प्रत्येक केसाच्या मुळाशी पोहोचावं लागतं. मी न्हाणीत उभी राहून डोक्यावर पाणी ओतलं आणि केस हाताखालीच आकसायला लागले, जिवंत असल्यासारखे. तासाभरात सगळे आपापल्या जागी. नवऱ्याने चहा पिताना वर बघितलं. "अरे, गेले?" म्हणाला. पाहुणे गेल्यासारखं.

मग मी विचार करायला बसले. वजूचं, म्हणजे रोजच्या नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याचं, मला जमवता आलं असतं. आम्ही कोकणी शाफई पंथाचे. डोक्यावरून ओला हात फिरवायचा तो मसह, चार केसांना लागला तरी होतो. मी मागची, वेणीत दडून जाणारी एक बट त्यासाठी राखून ठेवली. ती बिचारी सगळ्यांच्या वाट्याचं पाणी घ्यायची आणि आकसून बसायची, बाकीचे सरळ. पण गुसलात घासाघीस चालत नाही. तिथे सगळे केस भिजलेच पाहिजेत. म्हणजे केस सरळ ठेवायचे तर नवऱ्याने जवळ यायचं नाही, आणि केस सरळ केले होते ते त्याने जवळ यावं म्हणून.

यातून एकच वाट होती. महिन्यातले ते दिवस. तेव्हा नमाज माफ, नवरा लांब, दिवस संपेपर्यंत गुसल नाही. म्हणून मी दर महिन्याला पहिल्याच दिवशी फणी तापवायचे. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून आंघोळ करायची आणि चार-पाच दिवस सरळ केसांनी घरात फिरायचं. नवरा जेवताना बघायचा, टीव्ही बघताना बघायचा. हात लावायचा तो केसांनाच. पुढे काही नाही, पुढे जाता येत नाही. मग मी न्हायचे, तो जवळ यायचा, तेव्हा डोक्यावर परत तेच आणि हात परत उशीवर. कोणाला हे विचित्र वाटेल. माझं वैवाहिक सुख असं दोन भागांत कापलेलं होतं आणि दोन्ही तुकडे एकमेकांना कधी जोडता आले नाहीत. उरलेल्या तुकड्यांतून कपडे शिवणाऱ्या बाईला सुद्धा.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. मग आपांच्या आलं. आपा काही शिकलेल्या नव्हत्या, पण असल्या बाबतीत त्यांची नजर तेज होती. त्यांच्याकडे आपल्या बायका जमायच्या, पुरुष बाहेरच्या खोलीत, आम्ही आत ओढण्या उतरवून. मी आत गेले की आपा माझ्या डोक्याकडे बघायच्या आणि सुस्कारा टाकायच्या.

"काय गो भाबी, परत सरळ?"

एवढंच. पण त्याचा अर्थ होता, या महिन्यातही नाही. बायका खाली बघायच्या, कोणी चहाचा कप फिरवत बसायची. एकीने एकदा खोबऱ्याची वडी पुढे करून म्हटलं, "घे, गोड खा, पुढल्या महिन्यात कुरळे राहू दे." सगळ्या हसल्या. मी वडी तिच्याच बशीत परत ठेवली आणि म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला दे, त्याच्या जिभेवर कधी गोड शब्द आला नाही." तिथे मी जिंकले. घरी येऊन जिन्यात बसले. हज्जियाने सांगितलं होतं, रोना मफी, म्हणून रडलेसुद्धा नाही.

मग सरळ करणं सोडून का दिलं नाहीस, असं कोणीही विचारील. दोन कारणं होती. एक, महिन्यातले तेवढेच दिवस नवरा माझ्याकडे माणूस बायकोकडे बघतो तसा बघायचा. दुसरं, आपांच्या तोंडाला घाबरून मी माझी फणी ठेवून दिली असती तर तो भाव मी आयुष्यभर देत राहिले असते. घासाघीस करणाऱ्याला एवढं कळतं की पहिल्यांदा खाली आलात की खालीच राहता.

आणि दोष माझ्यात आहे हे कोणी ठरवलं होतं? मी डॉक्टरकडे गेले होते, एकटी. तपासण्या झाल्या, माझं सगळं बरोबर निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मिस्टरांना आणा. मी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "बघू." तो "बघू" अजून चालू आहे. आपांना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या घराण्यात कधी कोणाला असं झालेलं नाही." म्हणजे तपासणी झाली. खलास.

त्या वर्षी सासूबाईंचा गावाहून फोन आला. माझ्याशी नाही, आपांशी. आपा माझ्या किचनमध्ये आल्या, ओट्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "या सुट्टीत तो गावी जाईल. मुलगी बघून ठेवलीय. तुला कोणी हाकलत नाही. तू इथे, ती गावी. शरियतमध्ये आहे."

मी कोलंबी सोलत होते. हात थांबले नाहीत. मी म्हटलं, "पुढच्या सुट्टीपर्यंत थांबा."

"दोन वर्षं? आई थांबायची नाही."

"मग एक वर्ष."

"भाबी, हे कापड नाहीये."

"आपा, कापड असतं तर मी तुम्हाला दारातही उभं केलं नसतं. या सुट्टीपर्यंत तरी काही बोलू नका. त्याआधी काही झालं तर?"

त्यांनी ओट्यावरची कोलंबीची सालं एका बाजूला सारली. मग म्हणाल्या, "त्याआधी काही झालं तर मी स्वतः आईला फोन करीन. इंशाल्ला." आणि जाताना माझ्या डोक्याकडे बघितलं. केस सरळ होते.

त्याच महिन्यात फणीची मूठ निखळली. दांडीच तुटली होती. मी ती तुबलीच्या एका गॅरेजमध्ये दिली, तिथे महाडकडचा एक वेल्डर होता. त्याने फणी उलटीपालटी करून बघितली. "ताई, हे काय, गाढवं विंचरायचं?" मी सांगितलं तोंड सांभाळ आणि दांडी जोड. तो म्हणाला, "परवा या." परवा गेले तर "उद्या, इंशाल्ला." मग त्याच्या मुकादमाने त्याला दुसऱ्या कामावर पाठवलं आणि फणी कुठल्या तरी डब्यात जाऊन पडली. हज्जिया मुलीकडे मुहर्रकला राहायला गेली होती. दुसरी फणी बाजारात मिळेना, मिळाली ती विजेची होती, तिला माझ्या केसांपुढे घाम फुटला. थोडक्यात, मला केस सरळ करता आले नाहीत.

नवऱ्याला तेव्हा कंपनीने पुलापलीकडे सौदीत साइटवर पाठवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी यायचा, शुक्रवारी रात्री परत. माझे दिवस आठवड्याच्या मधेच यायचे आणि मधेच जायचे. तो महिना गेला. दुसराही गेला. माझं डोकं तसंच, घट्ट.

आपांनी आधी एकदा बघितलं. मग दुसऱ्यांदा बघितलं. त्या बोटं मोजताना मला दिसल्या, पण त्या काय मोजतायत ते मला कळलं नाही, खरंच नाही. एके दिवशी दुपारी त्या नारळाच्या दुधातली खीर घेऊन आल्या. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, त्या बाईने मला पाण्याचा ग्लास दिला नव्हता. मी कापडाचा गठ्ठा उचलून कपाटावर ठेवत होते.

"ठेव तो खाली!" आपा ओरडल्या. "असलं जड उचलतात का गो? अक्कल आहे का?"

मी गठ्ठा खाली ठेवला. आपांनी मला खुर्चीवर बसवलं, स्वतः चमचा भरून तोंडासमोर धरला. आणि दुसऱ्या हाताने माझ्या केसांवरून थोपटलं. याच केसांवरून, ज्यांच्याबद्दल त्या हबशिणीचं टोपलं म्हणायच्या. तेव्हा मला समजलं.

मी काय करायला हवं होतं, ते मला आजवर पुष्कळांनी सांगितलंय. त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडासमोर तो चमचा नव्हता. मी एक शब्दही बोलले नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाही. माझ्याशी बोलायची गरज त्या घरात कोणाला कधी पडली नव्हती, आताही पडली नाही. केसांनी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

आपांनी शब्द पाळला, गावी फोन केला. सौदीतही केला. गुरुवारी नवरा दारातून आला तो हसतच. हातात खजुराचा डबा. "आपाने सांगितलं. तुझ्या तोंडून मला कधी कळणार होतं?"

मी म्हटलं, "काय सांगू?"

त्याला ते लाजणं वाटलं. तो माझ्याजवळ बसला आणि त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. न अडकता, न काढून घेता. केस घट्टच होते, आणि तो हात तिथेच राहिला, जेवण वाढेपर्यंत. "असेच राहू देत," म्हणाला. "आता जाळत बसू नकोस. तब्येतीला चांगलं नाही." मी त्या हाताखालून हलले नाही. जे दोन तुकडे कधी जोडले गेले नव्हते ते त्या संध्याकाळी माझ्या मांडीवर एकत्र पडले होते. फक्त कापडच नव्हतं.

मी विचार केला, सुट्टी अजून लांब आहे. एवढे शुक्रवार आहेत. आता तो खुशीने जवळ येतोय, एखादा शुक्रवार खरा निघेल. मग महिन्याभराचा फरक पडला तर पडला, मुलं काय उशिरा होत नाहीत? मी दर नमाजेत तेच बोलत होते. सौदाच करत होते. मला द्या, मी बाकी काही मागणार नाही, सूकमध्येही घासाघीस करणार नाही.

आपांनी त्यांच्या घरी कुराण पढायला बायका बोलावल्या. सगळं सुखरूप होऊ दे म्हणून. त्याच दिवशी सकाळी तुबलीच्या वेल्डरने फणी पाठवून दिली, नवीन दांडी लावलेली, लोखंडाची. मी ती पिशवीतून काढली आणि हातात धरून बघत होते, तेव्हा मला पोटात कळ आली. मी न्हाणीत गेले.

तिथे बसून मी किती वेळ काय केलं ते मला आठवत नाही. नळ चालू होता. समोरच्या घरातून आपांचा आवाज येत होता, त्या कोणाला तरी सांगत होत्या, मधली गादी भाबीसाठी ठेवा, तिची पाठ दुखत असेल.

जायचं नाही, असं करता आलं असतं. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. पण आपा स्वतः घ्यायला आल्या आणि हात धरून घेऊन गेल्या. फणी ठेवलेली पिशवी माझ्या खांद्यालाच होती. आत सगळ्या बसल्या होत्या. त्या दिवसांत कुराणाला हात लावता येत नाही, म्हणून मी नुसती ओठ मिटून बसले. कोणाच्या लक्षात आलं नाही. मग असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची वेळ झाली. चादरी पसरल्या, बायका रांगेत उभ्या राहिल्या. आपा पहिल्या रांगेतून मागे वळून म्हणाल्या, "ये भाबी, माझ्या शेजारी. उभं राहवत नसेल तर बसून पढ."

माणसांसमोर मी गप्प राहू शकत होते. केसांना जे बोलायचं ते बोलू देत होते. पण त्या अवस्थेत नमाजेला उभं राहणं मला जमणार नव्हतं. तो सौदा माझ्या हातातला नव्हता. आणि उभी राहिले नाही तर प्रत्येक बाईला कळणार होतं. त्या खोलीत नमाज न पढायचं दुसरं कारण कोणाजवळच नसतं.

मी म्हटलं, "तुम्ही सुरू करा." आणि किचनमध्ये गेले.

गॅस पेटवला. फणी काढली, ज्योतीवर धरली. बाहेर अल्लाहु अकबर झालं आणि सगळं शांत. मी केसांची बट काढली, आपांच्या बाटलीतलं तेल बोटाला लावलं. कागद नव्हता, पीठ चाळायच्या कपड्यावर फणी टेकवून बघितली. मग ओढली. चर्र.

तो वास बाहेर गेला असणार. कोणी तरी नमाजेत खोकलं. त्या रुकूत वाकल्या, सजद्यात कपाळ टेकलं, मला सगळं ऐकू येत होतं, बांगड्या, गुडघे, सुस्कारे. मी बटेमागून बट ओढत होते. एका बाजूचं डोकं सरळ झालं, केस खांद्यावर पडले. दुसरी बाजू तशीच, घट्ट. तेवढ्यात नमाज संपल्याचा सलाम फिरला आणि आपा दारात आल्या. पदर अजून नमाजेसारखाच आवळलेला.

त्यांनी आधी फणीकडे, मग माझ्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पडलं?"

त्या एका शब्दात माझ्यासाठी वाट होती. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी मला मिठी मारली असती. सगळ्या बायका रडल्या असत्या. नवरा धावत आला असता. सगळ्यात चांगला भाव मला तिथे, त्या दारात मिळत होता.

मी म्हटलं, "नव्हतंच."

"नव्हतं म्हणजे?"

"कधी नव्हतंच, आपा. फणी तुटली होती."

त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "खोटारडी! माझ्या आईला... मी माझ्या आईला फोन केला! तिने गावात साखर वाटली!"

"मी काय बोलले? आठवून सांगा. एक शब्द? तुम्ही विचारलंत? तुमच्या भावाने विचारलं? इतकी वर्षं माझं डोकं वाचत बसलात, माझ्या तोंडाकडे कधी बघितलंत?"

मागे दारात बायका जमल्या होत्या. माझ्या आवाजाने बिल्डिंग हलत असेल. फणी माझ्या हातात होती आणि मी ती आपटली, फरशीवर, त्यांच्या पायांपासून लांब, पण आपटली. फरशीची टाइल फुटली. तो तडा अजून आहे म्हणतात. मी त्या किचनमध्ये परत गेलेले नाही.

आपा हळू आवाजात म्हणाल्या, "खलास." माझ्याकडे बघून नाही. फोनकडे बघून.

नवरा त्या गुरुवारी आला नाही. पुढच्या गुरुवारी आला आणि माझ्याकडे न बघता हॉलमध्ये गादी टाकली. मला वाटलं तो ओरडेल, मी उत्तरं तयार ठेवली होती. डॉक्टरचा कागदही. तो नुसता म्हणाला, "मी तिथे साइटवर सगळ्यांना मिठाई दिली." मी डॉक्टरचा कागद परत कपाटात ठेवला. मी आयुष्यात कोणालाही उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं.

सुट्टीत तो गावी गेला. निकाह झाला. मुलगी रत्नागिरीचीच, फोटोत बघितलं, केस सरळ, कमरेपर्यंत. ती गावी सासूबाईंजवळ राहते. तो सुट्टी मिळेल तशी जातो, येतो. तिलाही अजून काही नाही. त्याबद्दल आपा म्हणतात, "अल्लाची मर्जी." माझ्या वेळी अल्लाचं नाव निघालं नव्हतं, माझ्या डोक्याचं निघायचं. तिच्या केसांवरून काहीच कळत नाही. ती न्हाली काय, न न्हाली काय, तशीच दिसते. मला कधी कधी तिचा हेवा वाटतो तो यासाठी.

सौदीचं काम संपून नवरा इथेच परत आला. हॉलमधली गादी उचलली गेली नाही. तो खर्च देतो, मी जेवण देते, दोघंही एकमेकांना काही कमी पडू देत नाही. आणि माझे केस आता सरळ राहतात. एकदा फणी फिरवली की थंडीत पंधरा-पंधरा दिवस. वजूची ती मागची एक बट सोडली तर कोणाला पाणी लागत नाही. महिन्याचं एक सोडलं तर गुसलचं कारणच राहिलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला हेच हवं होतं, केस सरळ राहावेत, मोडू नयेत. आता मोडत नाहीत. तो मान वर करून बघत नाही.

आपांना याचाही अर्थ लागतो. लागणारच. इतके दिवस सरळ केस म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्या काही बोलत नाहीत. एकदा जिन्यात भेटल्या, माझ्या ओढणीतून बाहेर आलेली सरळ बट बघितली आणि नजर फिरवली. दया आली असेल. टोमणा मला चालला असता.

म्हणून आता मी एक करते. शुक्रवारी सकाळी, फणी फिरवून दोनच दिवस झालेले असले तरी, न्हाणीत जाते आणि डोक्यावरून पाणी ओतते. पूर्ण, मुळापर्यंत, गुसलसारखं. केस हाताखाली आकसतात. मग पुरुष जुम्याच्या नमाजेला गेले की ओलं डोकं घेऊन गच्चीवर जाते, कपडे वाळत घालते. आपा त्यांची बादली घेऊन वर येतात. आम्ही दोघी एकाच दोरीवर कपडे टाकतो, त्या तिकडून, मी इकडून. त्या माझ्या डोक्याकडे बघतात आणि वाचतात. मी त्यांच्याकडे बघत नाही. केस वाळेपर्यंत मी तिथेच उभी राहते.